ताईच्या कपाळावरची चमक

त्या दिवशी सकाळी ताई जिन्यातल्या खिडकीशी थांबली नाही. सरळ खाली उतरली.

रोज थांबायची. ताई आणि तिची लेक तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, छोटी दुसऱ्यावर, आणि मधे जिन्याला वळण आहे तिथं एक खिडकी. अख्ख्या इमारतीत चांगला उजेड म्हणाल तर तेवढाच. ताईचं म्हणणं, ट्यूबलाइटखाली मेकअप करायचा नाही, ट्यूबलाइट खोटं बोलते. म्हणून ती घरून निघताना हायलायटरची, गालाला चमक आणायच्या रंगाची, बाटली हातात घेऊनच निघायची. बोटाएवढी बाटली, झाकणालाच ड्रॉपर. खिडकीत उभी राहायची, एक थेंब हाताच्या पाठीवर घ्यायची, बोटानं त्याला जरा ऊब द्यायची आणि मग गालाच्या हाडावर टकटक टकटक. घासायचं नाही, थापटायचं. मग हाक. "छोटी, ये गं, बघ, दोन्हीकडे सारखं आहे का?"

छोटी म्हणजे तिची पाठची बहीण. वय त्रेचाळीस, केस अर्धे पांढरे, तरी नाव छोटीच. दाराला कुलूप घालता घालता, न बघता म्हणायची, "सारखंय, चल."

"बघितलंस तरी का?"

"बघायचं काय? कालचाच चेहरा आहे."

असं रोज. वीस एक वर्षं. मग दोघी मिळून चालत कामाला. ताईचं मेकअपचं दुकान आणि छोटीचं कपडे दुरुस्तीचं दुकान एकाच रस्त्यावर, समोरासमोर म्हटलं तरी चालेल.

तर त्या दिवशी ताई थांबली नाही, आणि चेहरा आधीच चमकत होता. गाल, कपाळ, नाकाखाली, पार गळ्यापर्यंत. छोटीनं त्या दिवशी बघितलं. रोज बघत नव्हती पण त्या दिवशी मात्र नीट बघितलं. आणि म्हणाली, "अगंबाई, अख्खी बाटली उपडी केलीस की काय? जिन्यात दिवा लावायला नको."

ताई हसली. म्हणजे हसल्यासारखं केलं. म्हणाली, "जबडा दुखतोय गं रात्रीपासून. दाढ असणार."

"काढून टाक एकदाची. किती वर्षं पोसणारेस?"

"बघू."

रस्त्यात ताई दोनदा थांबली. एकदा म्हणाली चपलेचा पट्टा टोचतोय. दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही, औषधाच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. छोटी चार पावलं पुढं गेली होती. तिला त्या दिवशी अकरा पँटींची खालची शिलाई द्यायची होती, हॉटेलवाल्याच्या नोकरांचे गणवेश, डोक्यात तेच. मागं वळून म्हणाली, "चल गं बाई, लग्नाला निघालीस का?" ताई आली. दुकानाशी पोचल्यावर ताई तिकडं गेली, छोटी इकडं. शेवटचं बोलणं काय झालं ते छोटीला आठवत नाही. काही झालंच नसेल.

साडेअकराला समोरून लिपस्टिकवाली धावत आली. लिपस्टिकवाली म्हणजे ताईच्या शेजारच्या काउंटरवरची पोरगी, तिला सगळे तेच म्हणतात. नुसता हात दाखवत होती. छोटी गळ्यातला टेप तसाच घेऊन पळाली. ताई स्टुलावरून घसरून काउंटरला टेकली होती. गाडी आली, दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती, चष्म्यातून कागदाकडं बघत बोलत होती. हृदय बंद पडलं म्हणाली. असं एकदम होत नाही म्हणाली, सकाळपासून त्रास होत असणार. मग पेन हातात घेऊन विचारलं, "घरून निघताना काही वेगळं वाटलं का? घाम आला होता का?"

छोटी म्हणाली, "नाही."

डॉक्टरीणबाईनं लिहून घेतलं.

त्या "नाही"वर सगळं अडकलं आहे. कारण छोटीला माहीत नव्हतं ते खरं की खोटं.

ताईबद्दल सांगायचं तर आधी तिच्या रंगाबद्दल सांगायला लागेल, इलाज नाही. ताई काळी. सावळी बिवळी नाही, काळी. छोटी उजळ. एका आईच्या पोटच्या, पण पाहुणे घरात आले की दोघींकडं आळीपाळीनं बघायचे आणि मग आईकडं बघायचे. आई ताईला पावडर फासायची. पांढरी पावडर, ती पण भरपूर, त्यानं ताईचा चेहरा राखेसारखा दिसायचा, चुलीतून आत्ताच बाहेर काढल्यासारखा. शाळेत पोरं तिला शेगडी म्हणायची. ताई सातवीनंतर शाळेत गेली नाही. छोटीही आठवीपर्यंतच. त्यात नवल काही नव्हतं, तेव्हा घरात तशीच परिस्थिती होती.

मेकअपच्या दुकानात ताई लागली ती झाडू मारायला. खोकी उघडायची, माल मांडायचा, काच पुसायची. काउंटरवर तिला कोण उभी करणार? मालकच म्हणायचे, "ताई, तुम्ही मागंच बरं." मालक वाईट माणूस नाही. पण तसं म्हणायचे.

एकदा एका कंपनीचा माल आला, त्यात एक बाटली जादाची. पातळ हायलायटर, तेव्हा नवीनच निघालेलं. रंग तांब्याचा. काउंटरवरच्या पोरींनी हातावर लावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं, गंज चढल्यासारखं दिसतंय म्हणाल्या. बाटली कचऱ्यात जायची ती ताईनं ठेवून घेतली. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर दारात जाऊन उन्हात लावली. कोणी शिकवलेलं नाही. मग हातआरसा धरून इतका वेळ उभी राहिली की मालक हात धुवून आले तरी तिला पत्ता नाही.

मालक म्हणाले, "हे काय लावलंय?"

ताईला वाटलं आता नोकरी गेली. म्हणाली, "पुसते."

मालक म्हणाले, "राहू द्या. मान जरा इकडं करा." आणि मग एवढंच म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवसापासून ताई काउंटरवर.

हे ताई शंभर वेळा सांगायची. दर वेळी मालकांचं "हं" अगदी हुबेहूब काढायची, नाकातून.

तिला कुठलं पुस्तक वाचून काही येत नव्हतं, बघून बघून आलं. गिऱ्हाईक आलं की आधी मनगट उलटं करून शिरा बघायची, हिरवट असतील तर सोनेरी, निळसर असतील तर गुलाबी मोतिया. गोरीला पांढरा मोती चालतो, काळीला लावला तर राख. काळीला तांबं किंवा जुनं सोनं. मोठी चमकी असली ती बाटली परत, कारण ती चेहऱ्यावर दिसते आणि हायलायटर दिसता कामा नये, तेज दिसलं पाहिजे. पावडरच्या आधी लावायचं, वर लावलं तर पोपडे धरतं. करंगळीशेजारच्या बोटानं लावायचं, त्या बोटाला जोर नसतो. गालाचं हाड, भुवईखाली, नाकाचा दांडा, वरच्या ओठाची खाच. संपलं. डोळ्यापाशी सुरकुत्या असल्या तर तिथं जायचंच नाही, त्यात जाऊन बसतं आणि वय सांगतं. आणि कपाळाला तर कधीच नाही. "कपाळाला लावलं की घामट दिसतं." हे तिचं वाक्य. लिपस्टिकवालीला विचारा, मालकांना विचारा, रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा. सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

आणि तिची एक पद्धत होती, ती फक्त तिचीच. ती गिऱ्हाइकाच्या एकाच गालाला लावायची. एका गालाला लावून सांगायची, "आता जा. भाजी घे, बँकेत जा, कुठं जायचं तिथं जा. तासाभरानं घरातल्या आरशात बघ, मग ये." मालक दारापर्यंत जाऊन गिऱ्हाइकाच्या पाठीकडं बघत राहायचे. हातात आलेलं गिऱ्हाईक ही बाई दाराबाहेर घालवते! पण बाया परत यायच्या. म्हणून आमच्या रस्त्यावर कधीही बघा, एकच गाल चमकणारी एखादी बाई जाताना दिसायचीच. पानवाला म्हणायचा, "ताईंचं अर्धं काम चाललंय वाटतं."

एकदा एक गृहस्थ आला. बायकोला द्यायचं होतं, बायकोला माहीत नव्हतं. ताईनं विचारलं, "रंग कसा बाईंचा?" तो म्हणाला, "चांगला आहे." "अहो चांगला असणारच, पण कसा?" त्याला सांगता येईना. घाम फुटला बिचाऱ्याला. ताई म्हणाली, "या दुकानात त्यांच्या रंगाचं काही दिसतंय का बघा आणि बोट दाखवा." त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि कोपऱ्यातल्या खोक्यावर बोट ठेवलं. पुठ्ठ्याचं खोकं. ताईनं हसू दाबून जुन्या सोन्याची बाटली दिली. आठवड्यानं बाई स्वतः हजर, कमरेवर हात. "मला पुठ्ठा म्हणाले? पुठ्ठा?" ताईनं तिला दारात उजेडात नेऊन हातात आरसा दिला. "लावलंय तर खरं. मान वळवा." बाईनं मान वळवली, बघितलं, आणि म्हणाली, "आणखी एक द्या. आणि त्यांना सांगू नका मी आले होते."

तर अशी ताई. नवरा लेक लहान असतानाच निघून गेला, त्याच्यावर शब्द खर्च करायचे नाहीत असं दोघी बहिणींचं ठरलेलं होतं, ते इथंही पाळू. लेकीला सगळे मिठू म्हणतात कारण लहानपणी तोंड मिटायची नाही. आता वीस वर्षांची आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी छोटी कामाला गेली. लोक म्हणाले, अगं थांब. ती म्हणाली, अकरा पँटी राहिल्यात. मशीनवर बसली आणि एकेक पँट उलटी करून शिवत गेली. रडू आलं नाही. समोर काचेत ताईचं काउंटर दिसायचं, त्यावर कोणी नव्हतं, ट्यूबलाइट चालू होती. छोटी बघायची आणि पुन्हा सुईकडं बघायची. बॉबिनवरचा दोरा संपला की भरायची. कोणी बोलायला आलं की म्हणायची, "हो ना." सगळ्याला "हो ना." एक बाई म्हणाली, "सुटली बिचारी." त्यालाही "हो ना" म्हणाली आणि मग घरी येताना विचार करत होती की कशातून सुटली.

लिपस्टिकवाली दुपारी डबा घेऊन छोटीकडं येऊन बसायला लागली. तिच्याकडून कळलं सकाळी दुकानात काय झालं ते.

"आल्या तेव्हा ताई इतक्या छान दिसत होत्या, मावशी, खरं सांगते. मी म्हटलं, ताई, नवीन का? कारण आदल्या संध्याकाळी कंपनीचा माणूस नवीन बाटली देऊन गेला होता ना, लावून बघा आणि सांगा म्हणून. ताईंनी पर्समध्ये टाकून घरी नेली होती. मी म्हटलं, कपाळालासुद्धा? तुम्हीच नको म्हणता आणि तुम्हीच? मालक पण म्हणाले, पीस चांगला दिसतोय, मागवू."

"आणि ताई?"

"ताई म्हणाल्या, हो का. एवढंच. मग म्हणाल्या, पाच मिनिटं बसते."

छोटी डब्याचं झाकण लावत होती. ते लागत नव्हतं, आटे चुकत होते.

म्हणजे बघा. दुकानात दोन माणसं, दोघांचा जन्म चेहऱ्यावरची चमक बघण्यात गेलेला. साधा भाजीवाला असता तर म्हणाला असता, बाई, तुम्हाला घाम किती आलाय, बसा, पाणी प्या. पण यांना घाम दिसलाच नाही, यांना माल दिसला. आणि छोटी? छोटी तर बहीण. पण तीही वीस वर्षं जिन्यात तेच बघत आलेली.

एक गोष्ट छोटीला पक्की माहीत होती. ताईची जुनी बाटली आदल्याच दिवशी संपली होती. जिन्यातच ड्रॉपर आत घालून घालून शेवटचा थेंब काढला होता आणि रिकामी बाटली खिडकीत ठेवून दिली होती. ती अजून तिथंच आहे. म्हणजे त्या सकाळी ताईनं लावलं असेल तर ते नव्या बाटलीतलंच. नवी बाटली उघडलेली असेल, तर ते हायलायटर होतं आणि डॉक्टरीणबाईला सांगितलेलं खरं होतं. नसेल, तर घाम होता.

बाटली पर्समध्ये. पर्स दवाखान्यातून प्लास्टिकच्या पिशवीत मिळाली होती, वर गाठ मारलेली. ती छोटीनं आपल्या कपाटावर ठेवली होती, आणि रोज झोपताना तिकडं पाठ करून झोपत होती.

दोन आठवडे गेले. मग एक दिवस मालक स्वतः रस्ता ओलांडून आले. दारात उभे राहिले, आत येईनात.

"छोटीताई, कसं विचारू कळत नाही."

"विचारा की."

"तो कंपनीचा माणूस आलाय. नवीन पीस ताईंना कसा वाटला विचारतोय. म्हणजे त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं त्याला. पण ऑर्डरचं... म्हणजे त्या दिवशी ताईंना इतका छान दिसत होता, म्हणून म्हटलं, ताईंची शेवटची पसंती आहे, तर दुकानात ठेवावी. तुम्ही फक्त शेड कुठली ते बघून सांगा. बाटली तुमच्याकडंच असेल ना?"

"असेल."

"घाई नाही हां."

"सांगते उद्या."

त्या संध्याकाळी छोटी घरी आली तर मिठू तिच्याकडंच बसलेली. हल्ली खालीच जेवायची, झोपायला तेवढी वर जायची. मावशीनं कितीदा म्हटलं इथंच झोप, तर म्हणायची, घर उघडं कसं टाकायचं. छोटीनं कपाटावरची पिशवी खाली काढली आणि मिठूनं बघितलं.

"का काढलीस?"

"दुकानात शेड सांगायचीय. ती नवीन बाटली."

मिठू गप्प. मिठू गप्प बसली म्हणजे काहीतरी आहे. छोटी गाठ सोडत होती, गाठ घट्ट बसली होती, दवाखान्यातल्या लोकांनी मारलेली.

"मावशी, थांब ना."

"का गं?"

"त्या दिवशी सकाळी मी तयारी करत होते ना. आई आरशासमोर उभी होती. रुमाल होता तिच्या हातात. कपाळ पुसत होती." मिठू नखानं चटईची काडी उचकटत होती. "मी म्हटलं, आई, अगं पुसू नकोस, काय मस्त लागलंय. राहू दे."

"मग?"

"मग तिनं रुमाल ठेवून दिला."

पंखा चालू होता. एक पातं जरा वाकडं आहे, त्याचा आवाज येतो, खट्, खट्.

"हायलायटरच होतं ना, मावशी? नवीन बाटली होती ना तिच्याकडं. तेच होतं ना?"

छोटीनं गाठ सुटेना म्हणून पिशवी तशीच उचलली. म्हणाली, "तू चहा टाक. मी बघते." आणि पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेली. दार पुढं केलं, लावलं नाही. पलंगावर बसली. छोटीच्या गळ्यात नेहमी दोरीला धागे कापायची कात्री असते, ती काढायची पण विसरते. तिनं पिशवी कापली.

पर्समध्ये घराची किल्ली, बसचा पास, केसांची पिन, दाढदुखीच्या दोन गोळ्यांचं पाकीट, त्यातली एक घेतलेली. आणि नव्या बाटलीची डबी. डबीच्या तोंडावर गोल चिकटपट्टी होती ती जशीच्या तशी. छोटीनं नख लावून बघितलं, कुठं उचललेली नव्हती. मग पट्टी कापून बाटली बाहेर काढली. बाटलीच्या मानेलाही प्लास्टिक गुंडाळलेलं, कंपनीतून आलेलं, हात न लागलेलं.

झालं. कळलं. छोटीला वाटलं होतं कळलं की काहीतरी होईल, पोटात खड्डा पडेल, हंबरडा फुटेल, निदान डोळे भरतील. काहीच झालं नाही. नुसतं कळलं, कोणी किती वाजले सांगावं तसं. घाम होता. जिन्यात होता, रस्त्यात होता, औषधाच्या दुकानासमोर उभी होती तेव्हा होता. औषधाच्या दुकानासमोर.

बाहेर भांड्याचा आवाज आला. मिठू चहात साखर घालत होती, चमचा भांड्याला लागत होता.

छोटीनं कात्रीचं टोक बाटलीच्या मानेखाली घातलं आणि प्लास्टिक सोलून काढलं. झाकण फिरवलं. ड्रॉपर पिळून पाच-सहा थेंब हाताच्या पाठीवर काढले, आणखी दोन, पातळी थोडी खाली आली असं दिसेपर्यंत. हात पलंगाखालच्या जुन्या परकराला पुसला. प्लास्टिक आणि चिकटपट्टी बारीक चुरगाळून ब्लाउजमध्ये खोचली. हे सगळं तिनं शिवणकामात करते तसं केलं, उसवलेलं कुणाला कळू नये तसं.

तेवढ्यात तिचं हाताकडं लक्ष गेलं. पुसूनही चमक राहिली होती. पांढरी. मोती. निळसर पांढरा मोती.

ताईनं हे जन्मात लावलं नसतं. कोणी डोक्यावर बंदूक धरली असती तरी लावलं नसतं.

पण आता बाटली उघडली होती. छोटी बाहेर आली. मिठू कप घेऊन उभी.

"उघडलेली आहे," छोटी म्हणाली. "लावलं होतं तिनं. हे बघ, कमी झालंय."

मिठूनं कप खाली ठेवला, बाटली हातात घेतली, दिव्याकडं धरली. मग उलटी करून खालचं नाव वाचलं. मिठूला तिच्या आईनं अक्षरांच्या आधी शेड शिकवलेल्या. बराच वेळ बघत राहिली.

"मोती आहे," म्हणाली.

"हो."

"आईनं मोती लावला?"

"लावून बघितला असेल. दुकानाला सांगायचं होतं ना."

मिठूनं मावशीकडं बघितलं. मावशीच्या हाताच्या पाठीकडं बघितलं, तिथली चमक अजून ओली होती. पोरगी काही खुळी नाही, तिला कळलं. आणि कळलंय हे मावशीलाही कळलं. मिठू पुढं एक शब्द बोलली असती तर छोटीनं सगळं सांगून टाकलं असतं, ते प्लास्टिक काढून समोर ठेवलं असतं.

मिठू म्हणाली, "असेल." बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, "चहा गार होईल."

दोघींनी चहा घेतला. साखर जास्त झाली होती. त्या रात्री मिठू वर गेली नाही, मावशीच्या पलंगाशी चटई टाकून झोपली, आणि घर उघडं राहील त्याचं काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी छोटीनं बाटली मालकांच्या काउंटरवर नेऊन ठेवली. "मागवू नका. मोती आहे. आपल्या गिऱ्हाइकांना राख लागेल."

"पण त्या दिवशी ताईंना तर..."

"ताईला सगळंच छान दिसायचं."

मालक बाटलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हं." नाकातून. लिपस्टिकवाली मागं वळून खोकी लावायला लागली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. एक पोरगी छोटीच्या दुकानात आली, पांढऱ्या शर्टाची बाही आखूड करायची होती, संध्याकाळी मुलाखत आहे म्हणाली. बावीस-तेवीसची असेल. छोटी टेप घेऊन मनगट मोजायला उठली आणि तिचं तोंडाकडं लक्ष गेलं. गाल चमकत होते, नाक चमकत होतं, कपाळ सगळं चमकत होतं.

छोटीनं टेप सोडून तिचं मनगट धरलं. "घाम आहे का लावलंय?"

"काय?"

"हे. कपाळाला. घाम आहे का काही लावलंय?"

पोरगी हसली, जरा घाबरलीही. "लावलंय, काकू. जास्त झालं का?"

"जबडा दुखतोय?"

"नाही हो."

"चालत आलीस? दम लागला?"

"रिक्षानं आले. काकू, काय झालं?"

छोटीनं हात वर केला आणि बोट तिच्या कपाळावर टेकवलं. अनोळखी पोरीच्या. करंगळीशेजारचं बोट. मग बोट दाराकडं नेऊन उजेडात बघितलं. बोटाला सोनेरी लागलं होतं, चिकट, पण घामाचा ओलावा नाही. कपाळ गार होतं, माणसाचं असतं तेवढंच गार.

"लावलंय," छोटी म्हणाली.

"मी तेच म्हणाले ना."

"हो ना. बस तू. बाही किती आखूड करायचीय?"

पोरगी स्टुलावर बसली, जरा अंग चोरून. छोटी आत मोरीत गेली आणि साबणानं हात धुतले, कारण शर्ट पांढरा होता. दोनदा धुवायला लागले. मग पुसून येऊन मशीनवर बसली आणि बाहीची शिलाई उसवायला घेतली.